म्हातारीच्या कमरेला पाणी : आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांना एक खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण (सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचे सगळे जिल्हे),
तसेच ओढ्याकाठच्या ग्रामपंचायतींचे सरपंच, सदस्य व ग्रामपंचायत अधिकारी

विषय : पावसाळी ओढ्यांवरची बंदी तारखेऐवजी पाण्याच्या पातळीवर ठरवण्याबाबत.

महोदय/महोदया,

स.न.वि.वि.

गेल्या जुलैतल्या एका रविवारची गोष्ट. सकाळचे साडेसात. घाटाखालच्या एका गावात, ओढ्यावरच्या फरशी पुलाशी मी आणि माझी भाची गाडीच्या टपावरून कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची छोटी बोट, उतरवत होतो. आदल्या तीन दिवसांत पाऊस जवळपास नव्हता. पाणी निवळशंख, तळाचे गोटे दिसत होते. तेवढ्यात शिट्टी वाजली. बंदोबस्तावरचा तरुण शिपाई आला, कयाकभोवती एक फेरी मारली, बुटाच्या टोकानं तिला हलकेच ढोसलं आणि म्हणाला, "काका, हे टब घेऊन कुठं निघालात?" मी सांगितलं. त्यानं मोबाइलमधला आदेश दाखवला. धबधबे, ओढे, नदीपात्र, सगळीकडे उतरायला मनाई, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. मुलगा सभ्य होता. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. आम्ही दोऱ्या पुन्हा आवळल्या.

आवळता आवळता पाहिलं तर त्याच पुलावर चाळीसेक माणसं उभी होती. कठडा नसलेला पूल, फरशीवरून घोट्याएवढं पाणी वाहतंय, एकाच्या खांद्यावर दोन वर्षांचं पोर, दोघीजणी अगदी कडेवर बसून पाय खाली सोडलेल्या. त्यांना कुणी हटकलं नाही. कायद्याच्या भाषेत ते पाण्यात नव्हते, रस्त्यावर होते. आणि त्यांच्या पायाखाली, फरशीच्या पोटात, ओढ्यातली सगळ्यात जीवघेणी जागा होती. ती त्या शिपायाला माहीत नव्हती. आदेश लिहिणाऱ्यांनाही माहीत असावी असं वाटत नाही. मला ती माहीत आहे, कारण दोन वर्षांपूर्वी मी तिच्यात जवळजवळ गेलो होतो. शिवाय असे पूल मी स्वतः बांधलेत. मी स्थापत्य अभियंता आहे, लहान कंत्राटं घेतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर पुढचं पत्र कुणी वाचणार नाही. तुमची बंदी मला समजते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ते चित्रण ज्यानं पाहिलं त्याला ते विसरता येणार नाही. एकमेकांना धरून माणसं मध्ये उभी आणि पाणी चढत चाललेलं. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला. असं झालं की दुसऱ्या दिवशी सगळी बोटं तुमच्याकडे वळतात. तुमच्या हातात काय असतं? पूर्वी कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. आदेश काढायचा, फलक लावायचा, दोन होमगार्ड उभे करायचे. मी तुमच्या खुर्चीत असतो तर मीही तेच केलं असतं, निदान पहिल्या वर्षी.

पण या आदेशाला तारीख असते, आणि पाण्याला तारीख नसते. कलम १६३ खालचा आदेश एरवी दोन महिन्यांपलीकडे चालत नाही, म्हणून तो जून-जुलैत निघतो आणि पावसाळा संपायच्या आत विरतो. हस्ताचा पाऊस मात्र पुढेच असतो. दुपारपर्यंत कडक ऊन, चार वाजता डोंगरमाथ्यावर काळं होतं, अंधारायच्या आत ओढा लाल होऊन येतो. तेव्हा पुलावर ना होमगार्ड ना आदेश. उलट जुलैत मधेच पाच दिवस उघडीप पडते, ओढा गुडघाभर होतो, पोरं त्यात बैल धुतात आणि कागदावर तो "प्रतिबंधित क्षेत्र" असतो. लोकांना दिसतं की पाणी साधं आहे आणि तरी बंदी आहे. मग खरोखर पाणी चढलेलं असतं त्या दिवशीही ते बंदीकडे त्याच नजरेनं बघतात.

आता आम्ही नेमकं काय करतो ते सांगतो. "स्टंटबाज" हा शब्द आमच्यासाठी वापरलेला मी वाचला आहे.

डोंगरी ओढ्यासाठीची कयाक आखूड असते, साधारण अडीच मीटरची. जाड प्लास्टिकची, पोट गोल, दोन्ही टोकं वर वळलेली, म्हणजे पडल्यावर नाक पाण्यात रुतत नाही. वजन वीस-बावीस किलो. आत बसलं की कमरेभोवती रबरी पडदा येतो, तो बोटीच्या काठाला घट्ट बसतो. पडद्याला पुढे एक फीत असते. उलटलो आणि सरळ होता आलं नाही तर ती ओढायची आणि बाहेर यायचं. शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी डोहात फक्त हेच शिकवतात: उलटा हो, तीन अंक मोज, फीत ओढ. हे अंगवळणी पडल्याशिवाय वाहत्या पाण्यात कुणी नेत नाही. डोक्याला हेल्मेट, अंगात खऱ्या मापाचं लाइफ जॅकेट, आणि प्रत्येकाकडे थ्रो बॅग. थ्रो बॅग म्हणजे पंधरा-वीस मीटर तरंगती दोरी भरलेली पिशवी, जी दोरीचं एक टोक हातात ठेवून फेकायची असते.

एवढं जमवून आम्ही बहुतेक वेळ काय करतो? चालतो. काठानं चालत खालचा टप्पा बघून यायचा. पाणी कुठून वळतं, कुठे खडकाखाली शिरतं, झाड कुठे आडवं पडलंय. आपल्याकडच्या सह्याद्रीचा कातळ लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे, म्हणून आमचे ओढे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. एक पायरी, खाली कोंड, मग सपाट कातळ, मग पुढची पायरी. प्रत्येक पायरीपाशी एकजण खाली दोरी घेऊन उभा, एकजण वर खूण करायला. पायरीच्या ओठावर शेवटचं वल्हं ओढून गुडघे वर घ्यायचे, की बोट सपाट पडते, फट्ट आवाज येतो आणि उसळत्या पाण्याच्या पलीकडे जाते. हे ओढणं अर्धा क्षण लवकर झालं तर नाक खाली जातं, उशिरा झालं तर काही उपयोग नाही. जमलं की खडकाच्या आडोशाच्या पाण्यात, ज्याला आम्ही एडी म्हणतो, वळून थांबायचं आणि मागच्याची वाट बघायची. शंका आली तर बोट खांद्यावर आणि पायवाट. माझी भाची माझ्यापेक्षा चांगली वल्हवते आणि माझ्यापेक्षा जास्त चालते. एकदा सबंध सकाळ आम्ही एका पायरीकडे बघत बसलो, डबा खाल्ला आणि परत आलो. तिनं ठरवलं होतं, "मामा, आज नको." मी कुरकुरलो, पण ऐकलं.

आता ती जागा.

दोन वर्षांपूर्वी, याच ओढ्यावर. ओढ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथे तीनशे गाड्या लागतील आणि मग तुम्ही बंदी काढाल ती बरोबरच असेल. पायऱ्या संपल्या होत्या. शेवटचे दोनशे मीटर म्हणजे आमच्या मते विरंगुळा. पुढे तोच फरशी पूल, त्याच्या वर उजव्या हाताची एडी धरून बाहेर पडायचं. पाणी आमच्या अंदाजापेक्षा वीतभर जास्त होतं. एडीची जागा वाहून गेली होती, म्हणजे पाणी तिथून सरळच चाललं होतं. मी वळलो, धार बोटीच्या काठावर बसली, उलटलो. फीत ओढून बाहेर आलो तेव्हा पूल आठ-दहा हातांवर होता आणि मी त्याच्याकडे नव्हे, त्याच्या खाली ओढला जात होतो.

अशा पुलाखाली नळकांडी असतात, सिमेंटचे पाइप. समजा पाइपचा व्यास ९०० मिलिमीटर. पुलाच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या पाण्यात एक मीटरचा फरक पडला आणि पाइपचं तोंड कशानं तरी झाकलं गेलं, तर त्या झाकणावर सहाशे किलोहून जास्त भार येतो. हे गणित कुठल्याही पदविकेच्या पहिल्या वर्षाचं आहे, मी परीक्षेत सोडवलं आहे, कंत्राटांत वापरलं आहे. झाकण म्हणजे माणूस असू शकतो हे मात्र त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. पुलाच्या वरच्या अंगाला पाणी उलट शांत दिसतं, तळ्यासारखं. फेस नाही, आवाज नाही. बायका म्हणूनच तिथे कपडे धुवायला बसतात, पोरं तिथेच उड्या मारतात.

माझं नशीब की त्या पाइपच्या तोंडात उंबराची एक फांदी आधीच अडकली होती. माझे पाय आत गेले, कंबर फांदीवर अडली. छातीवर पाणी, हनुवटी वर. किती वेळ ते सांगता येणार नाही. भाचीनं काठावरून थ्रो बॅग फेकली, ती पहिल्यांदा माझ्या मागे पडली. दुसऱ्यांदा हातात आली. एकटीच्यानं मी निघणं शक्य नव्हतं. गावातली दोन पोरं गुरं घेऊन येत होती, त्यांनी गुरांच्या गळ्यातली दावी सोडली, एकमेकांना बांधली, एकजण पुलावरून पालथा पडून माझ्या जॅकेटच्या खांद्यापर्यंत पोचला. तिघांनी मिळून मला तिरकं ओढलं. डावा खांदा निखळला, तो अजून पावसात दुखतो. माझी कयाक शेजारच्या पाइपवर आडवी बसली होती. दोन दिवसांनी पाणी उतरल्यावर ती निघाली, मधोमध दुमडलेली, पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी.

ओढ्यातले खडक, पायऱ्या, कोंड यांच्याबद्दल आम्हांला भीती असते, पण ती माहितीतली असते. पाण्यानं हजारो वर्षं घासून ते आकार केलेत, पाणी त्यांच्याभोवतीनं जातं आणि आपल्यालाही नेतं. माणसानं बांधलेली वस्तू वेगळी. तिच्यातून पाणी जातं, माणूस जात नाही. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे घ्या. पावसाळ्याआधी त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला खांबांत बसवलेल्या फळ्या, काढायचे असतात. कुठे ते निघतच नाहीत, कुठे खालचे चार गाळात रुतलेले राहतात, आणि वरून आलेलं झाड दोन खांबांत आडवं बसतं. ती मग चाळणीच होते. सिमेंट नाला बंधारे आणखी फसवे. जलयुक्त शिवारच्या वर्षांत ते गावोगाव झाले, भूजलासाठी झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यावरून पाणी सारख्या पडद्यासारखं पडायला लागलं की पडद्याच्या पायथ्याशी ते तळाला जातं आणि वरचा थर उलटा, बंधाऱ्याच्या दिशेनं वाहतो. फुटबॉल पडला तर तो तिथेच गोल गोल फिरत राहतो, आपण सगळ्यांनी पाहिलंय आणि हसलोय. माणूसही तसाच फिरतो. त्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की पोहणाऱ्याला ते नीट तोलत नाही. वाचवायला उडी मारणारा दुसराही त्यातच अडकतो. बंधारा दीड मीटरचा असला तरी हे होतं. धबधब्याला माणूस घाबरतो, दीड मीटरला कोण घाबरणार?

तर आमच्यासारख्यांना मोकळीक द्या असं सांगणारं हे पत्र आहे असं वाटत असेल, तर ते अर्धंच खरं आहे. मोकळीक हवीच आहे. पण त्याआधी मला गावानं जे दाखवलं ते सांगायचं आहे.

खांदा बसवून घेतल्यावर महिन्याभरानं मी त्या दोन पोरांना भेटायला गेलो. पेढे नेले होते. त्यातला धाकटा मला ओढ्यावर घेऊन गेला आणि पुलाच्या वर वळणावरचा एक खडक दाखवला. माणसाएवढा, खाली रुंद, वर निमुळता, गळ्याशी पांढऱ्या गारेची नस. "ही म्हातारी," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाली तिच्या कमरेला पानी लागला व्हता. कमरेला लागला का आमी कोनी उतरत नाय. तुमी कसे उतरलाव?"

मला माहीतच नव्हतं. गावात विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. म्हातारीच्या पायांशी पाणी असेल तर गुरं पलीकडे न्यायची. कमरेला लागलं की माणसानंही ओलांडायचं नाही. गळ्याला लागलं की पलीकडच्या शेतावर गेलेल्यांना हाकारे घालून वरच्या साकवाकडून बोलवायचं. आणि "म्हातारी बुडाली" म्हणजे शाळेला सुट्टी. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आजीनं सांगितलं, एवढंच. कातकरवाडीतल्या एका बाईंनी त्यात भर घातली: पाण्यावर सुकी पानं आणि काटक्या एकदम जास्त यायला लागल्या तर म्हातारीकडे बघत बसू नये, चढणीचे मासे धरायला लावलेले सापळेही तसेच टाकून आधी वर यावं. मी अभियंता म्हणून जे पर्जन्यमान, पाणलोट, विसर्ग शिकलो, त्याचं इतकं वापरायोग्य रूप मी कुठल्या पुस्तकात बघितलेलं नाही.

गणित हवंच असेल तर तेही सांगतो. एका चौरस किलोमीटरवर तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळाच्या सगळा वाहून आला, तर सेकंदाला जवळपास २८ घनमीटर पाणी होतं. म्हणजे सेकंदाला २८ टन. घाटमाथ्याचा कातळ भिजून तृप्त झाला की फारसं काही जिरत नाही. २०२४ च्या जुलैत ताम्हिणीला २४ तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. ओढ्याचं पाणलोट पाच-सात चौरस किलोमीटरचं असेल तर माथ्यावरच्या सरीचं पाणी पुलाशी यायला तासही लागत नाही. मोठ्या नद्यांवर केंद्रीय जल आयोगाची मापनकेंद्रं आहेत, धरणातून पाणी सोडताना भोंगे वाजतात. ओढ्याला भोंगा नाही. म्हातारी आहे.

तुलनेला कोलाडची कुंडलिका बघा. मुळशी धरणाचं पाणी डोंगर उतरून भिऱ्याच्या वीजगृहात येतं, जे १९२७ पासून चालू आहे, आणि तिथून कुंडलिकेत सुटतं. त्या सुटलेल्या पाण्यावर सकाळी राफ्ट चालतात, मीही वाहत्या पाण्यात वल्हवायला तिथेच शिकलो. (त्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ मुळशीकरांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, मावळातली गावं आणि भातखाचरं तरीही पाण्याखाली गेली. त्याच पाण्यावर आम्ही मजा करतो, हे मी दर वेळी स्वतःला आठवून देतो.) तिथे पाणी कधी येणार, किती येणार, हे काठावरच्या चहावाल्यालाही ठाऊक असतं. म्हणून तिथे सरसकट बंदीचा विषय निघत नाही. गोव्यात सत्तरी तालुक्यात म्हादईवर भर पावसात राफ्ट उतरतात, राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या साथीनं, आणि त्या उतरवायच्या की नाही हे त्या दिवशीच्या पाण्यावर ठरतं. केरळात तर कोळिकोडजवळ कोडंचेरीच्या चालिप्पुळा आणि इरुवंजिप्पुळा या आपल्या ओढ्यांसारख्याच डोंगरी नद्यांवर २०१३ पासून ऐन पावसाळ्यात कयाकची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. सरकार तिला पैसे देतं, गाव पाहुण्यांना जेवू घालतं. तोच सह्याद्री, तोच पाऊस. तिथे पाण्याला घाबरत नाहीत असं नाही, पाणी वाचायला माणसं ठेवलेली असतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. म्हातारी रंगवा.

म्हणजे खडकाला रंग लावू नका, तिला तशीच राहू द्या. तिच्या पायांची, कमरेची आणि गळ्याची पातळी घ्या आणि ती पुलाच्या खांबावर उतरवा. पायांपर्यंत पांढरा पट्टा, कमरेपर्यंत पिवळा, त्यावर लाल. दोन्ही काठांवरून दिसेल असा, आणि मराठीत एकच ओळ: लाल भिजला की कुणी उतरायचं नाही, पुलावर उभं राहायचं नाही. तुमचा आदेश त्या लाल पट्ट्याला जोडा. लाल भिजला की बंदी, पर्यटकाला, गावकऱ्याला, फोटोवाल्याला आणि मला. मग ती ऑक्टोबरातही लागू राहील आणि तिच्यावर कुणाला हसता येणार नाही. लाल कोरडा असेल तर ज्याच्याकडे हेल्मेट, जॅकेट, दोरी आणि सोबत आहे त्याला नोंद करून उतरू द्या. ही नोंद कशी करायची याची पुन्हा नवी समिती नको. ग्रामपंचायतीत एक वही पुरते: नाव, किती जण, कुठे उतरले, किती वाजता बाहेर आले. २०२१ चं राज्याचं साहसी पर्यटन धोरण व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी आहे, ते त्यांना लागू असू दे. दोन माणसं स्वतःच्या बोटीनं आली तर त्यांच्यासाठी वही.

खर्च म्हणाल तर तीन डबे रंग आणि एका गवंड्याची दिवसाची मजुरी. पण हे काम जिल्ह्याच्या कार्यालयात बसून नकाशावर करू नका. प्रत्येक ओढ्याची म्हातारी वेगळी. कुठे ती खडक नसेल, देवळाची पायरी असेल, उंबराचं मूळ असेल, कुठे जुन्या मोरीचा दगड. ते गुराख्याला विचारावं लागेल, कपडे धुणाऱ्या बाईला विचारावं लागेल. ग्रामसभेत विषय घ्या आणि त्या दिवशी पुरुषांनी जरा कमी बोलावं, कारण पाणी रोज बघणाऱ्या बहुतेक बायका असतात.

नळकांड्यांच्या तोंडाबद्दल मात्र ग्रामसभेवर सोडू नका, ते तुमचं आणि माझ्यासारख्या कंत्राटदारांचं काम आहे. मे महिन्यात तोंडं साफ झाली पाहिजेत. पुलाच्या वरच्या अंगाला, किमान वीस मीटर आधी, काठावर फलक पाहिजे. आज जे फलक आहेत ते पुलावर आहेत, म्हणजे वाचेपर्यंत माणूस तिथे पोचलेला असतो. नवे पूल बांधताना नळकांड्यांऐवजी चौकोनी मोठी मोरी करता येते, महाग पडते, मला माहीत आहे. जिथे लोक पाण्यात उतरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे तरी करा. बंधाऱ्यांचे बरगे निघालेत की नाहीत याची एक तारीख धरून पाहणी करा. सिमेंट बंधाऱ्याच्या भिंतीला पायथ्याशी एका बाजूला गोटे रचून उतार केला तर ते उलटं फिरणारं पाणी तिथे मोडतं, अडकलेल्याला बाहेर पडायला एक वाट मिळते. हे करायला धरणतज्ज्ञ लागत नाही.

आणि दोऱ्या. त्या दोन पोरांनी मला गुरांच्या दाव्यांनी ओढलं. आपदा मित्र म्हणून केंद्राच्या योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, चांगली गोष्ट आहे, पण ते तालुक्याच्या गावी असतात आणि ओढा वाडीत असतो. वाहत्या पाण्यात मदत पोचायला दहा मिनिटं लागली तर ती वरातीमागून घोडं ठरते. प्रत्येक फरशी पुलाजवळच्या घरात दोन थ्रो बॅगा टांगलेल्या असू द्या. फेकायला शिकवायला एक दुपार लागते, हे मी अनुभवानं सांगतो. पाण्यात उडी न मारता वाचवायचं कसं हीच त्यातली मुख्य शिकवण आहे, आणि ती शिकवायची तयारी आमच्यातल्या बऱ्याच जणांची आहे. फुकट. जेवण मात्र गावात मिळालं तर बरं, चढणीच्या माशांचं कालवण मी नाकारत नाही.

आमच्या बाजूचं कबूल करतो. आमच्यातही उथळ लोक आहेत. हेल्मेटवर कॅमेरा लावून, गावात कुणाशी शब्द न बोलता, पाणी न बघता उतरणारे. त्या दिवशी मी स्वतः त्यांच्यातलाच होतो, फक्त माझ्याकडे कॅमेरा नव्हता. लाल पट्टा भिजलेला असताना कयाक घेऊन कुणी पाण्यात दिसला तर त्याची बोट जप्त करा. दंड करा, माझ्यासकट.

एक अडचण मला दिसते, ती आधीच मांडतो. पातळी रंगवली आणि लाल कोरडा असताना कुणी बुडालं तर जबाबदारी कुणाची, असं तुमचे विधी अधिकारी विचारतील. रास्त आहे. कदाचित फलकावर जबाबदारीची एक ओळ बारीक अक्षरांत घालावी लागेल. पण आज जबाबदारी कुणाची आहे? आज त्या पुलावर बाळ खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या बापाला त्याच्या पायाखाली काय आहे हे सांगणारा कुणी नाही. त्या शिपायालाही कुणी सांगितलेलं नाही. त्या दिवशी निघताना मी त्याला पुलाखालच्या नळकांड्यांबद्दल सांगितलं. त्यानं वाकून बघितलं, थोडा वेळ बघत राहिला आणि मग शिट्टी वाजवून पुलावरच्या सगळ्यांना बाजूला काढलं. त्यासाठी त्याला आदेश लागला नाही.

येत्या मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही चौघं त्या गावात जाणार आहोत. तेव्हा ओढा कोरडा असतो आणि म्हातारी पायांपर्यंत उघडी, तिची पातळी त्याच दिवसांत नीट घेता येते. पातळी मोजायची लेव्हल माझी आहे, पट्टी माझी आहे. सरपंच बाईंनी तोंडी होकार दिला आहे, रंगाचं बिल कुणाच्या नावे करायचं ते त्या बघतायत. पूल ग्रामपंचायतीच्या मालकीचा नाही, त्यामुळे खांबावर पट्टा मारायला लेखी परवानगी लागेल. तिचा अर्ज या पत्राच्या सहा आठवडे आधी दिला आहे आणि अजून उत्तर आलेलं नाही. ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मिळावं, ही विनंती. मृग लागला की खांबाचं तळ पाण्याखाली जातं.

कळावे,

आपला नम्र,
ओढ्यावर वल्हवणारा एक स्थापत्य अभियंता